सुटी ॲक्शन की अख्खी रायफल? एका डावखुऱ्या नेमबाजाचं प्रकरण

नेमबाज डावखुरी, उंची 157 सेंमी. दोन वर्षं क्लबच्या लाकडी स्टॉकच्या, उजव्या हाताच्या रायफलीवर दहा मीटर एअर रायफल खेळते. साठ शॉटांचा स्कोअर 598 च्या आसपास, म्हणजे शॉटमागे जेमतेम 9.97. दहाच्या आतही दशांश मोजतात, म्हणून पहिले वीस शॉट 204 च्या घरात जातात. चाळिसाव्या शॉटनंतर मान भरून येते आणि शेवटचे वीस 196 वर येऊन थांबतात.

आता स्वतःची रायफल घ्यायची आहे आणि समोर दोन रस्ते आहेत. एक, जुनी पण नामवंत बनावटीची सुटी ॲक्शन (स्टॉकशिवायची, शॉट सोडणारी यंत्रणा) विकायला आली आहे, बॅरल आणि हवेच्या सिलिंडरसकट. तिच्याभोवती ॲल्युमिनियमचा स्टॉक, साइट्स, बट प्लेट (खांद्याला टेकणारी पाटी) असं एकेक जमवत जायचं. 'आपल्या मापाची होईल आणि स्वस्तातही पडेल' हा हिशेब. दुसरा, कारखान्यातून डाव्या हाताची नवी पूर्ण रायफल मागवायची.

हे प्रकरण नमुन्याचं आहे, कोणा एका व्यक्तीचं नाही. ही अडचण नेमबाजीच्या रेंजवर इतक्या वेळा दिसते की तिचा सांगाडा पाठ झालेला असतो. किमती देशागणिक बदलतात, म्हणून नव्या पूर्ण रायफलीला 100 धरून बाकीचे आकडे त्या मापात दिले आहेत.

आधी दोष कुठे आहे ते शोधा

बहुतेकांची चूक इथेच होते. स्कोअर अडकला की रायफल बदलायची, असं ठरवूनच लोक यादी करायला बसतात. आधी क्लबची रायफल शिकंज्यात धरून दहा शॉट मारून पाहायला हवेत.

दहा मीटरच्या टार्गेटचं गणित सोपं आहे. पेलेट 4.5 मिमीची, दहाचा ठिपका 0.5 मिमीचा. पेलेटचं केंद्र मध्यापासून 2.5 मिमीच्या आत पडलं की दहा. त्याच्या आत प्रत्येक 0.25 मिमीला गुणाचा एक दशांश. मध्यापासून 1 मिमीवर पडलेला शॉट 10.6, आणि 2.25 मिमीवरचा 10.1.

शिकंज्यातून दहा शॉटांचा ग्रुप, म्हणजे सगळ्या भोकांचा पुंजका, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत 6.3 मिमी आला. त्यातून पेलेटचे 4.5 वजा केले की केंद्रांमधलं जास्तीत जास्त अंतर 1.8 मिमी. ग्रुप मध्यावर बसवला तर या बॅरलने मारलेला सगळ्यात वाईट शॉटसुद्धा 10.6 च्या आसपास राहतो. म्हणजे 9.97 आणि 10.6 यांच्यामधला फरक बॅरलच्या खात्यावर टाकता येत नाही. तो उभं राहण्यातून येतो, आणि उभं राहणं बिघडतं स्टॉकमुळे.

मापं घेतल्यावर ते उघडच झालं. डाव्या हाताचा कोपर काटकोनात वाकवून कोपराच्या आतल्या बाजूपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंतचं अंतर 29.5 सेंमी. क्लबच्या स्टॉकमधले सगळे स्पेसर काढले तरी बट प्लेटपासून ट्रिगरपर्यंत 33 सेंमी उरतात. साडेतीन सेंमीचा हा फरक भरून काढायला ती पाठ मागे जास्त वाकवते आणि डोकं पुढे काढते. भरीला चीकपीसचा, म्हणजे गाल टेकायच्या भागाचा, उंचवटा उजव्या गालासाठी कोरलेला. डावा गाल जिथे टेकतो तिथे सपाट उतार, त्यामुळे डोळा पीप साइटसमोर (बारीक भोकाची मागची साइट) आणायला मान स्टॉकवरून पलीकडे झुकवावी लागते. ग्रिपचा फुगवटाही उलट्या बाजूला. साठ शॉट हे सगळं मानेनेच पेललं तर चाळिसाव्याला ती दुखणारच.

प्रश्न बदलला. चांगली बॅरल कुठून मिळवू, हा तो नव्हताच. चांगली बॅरल न बिघडवता स्टॉक अंगाला कसा बसवू, हा होता.

सुट्या भागांचा हिशेब

विकायला आलेली ॲक्शन 36 ला होती. अर्ध्या किमतीच्याही खाली, म्हणून मोह होणं साहजिक. पण यादी शेवटपर्यंत लिहून काढली तेव्हा चित्र असं दिसलं:

ॲक्शन, बॅरल आणि जुना सिलिंडर: 36
ॲल्युमिनियम स्टॉक, ग्रिप आणि चीकपीससह: 42
पुढची-मागची साइट: 14
हुकसारख्या जोडण्या नसलेली, नियमात बसणारी समायोज्य बट प्लेट: 9
नवा सिलिंडर: 10
साइटखालचे उंचीचे ठोकळे, फोर-एंडचा (स्टॉकचा हातावर टेकणारा पुढचा भाग) ठोकळा, स्क्रू: 4
ॲक्शनचे सील बदलणं आणि तपासणी: 5

बेरीज 120. नव्या पूर्ण रायफलीपेक्षा वीस जास्त, शिवाय टॉर्क पाना आणि डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं उपकरण) वेगळेच.

यात आश्चर्य काही नाही. कारखाना पूर्ण रायफल विकतो तेव्हा साइट्स, बट प्लेट, भरायचा ॲडॉप्टर, पेटी हे सगळं गठ्ठ्याने लावतो, आणि तेच भाग सुटे घेतले की प्रत्येकावर वेगळा नफा चढतो. सुट्या भागांनी बांधणं स्वस्त पडतं ते फक्त ज्याच्याकडे यातले दोन-तीन भाग आधीच पडून आहेत त्याला.

सिलिंडरची ओळ मुद्दाम वेगळी लिहिली आहे, कारण सौदा बहुतेक तिथेच फसतो. स्पर्धेच्या नियमांप्रमाणे हवेचा सिलिंडर जास्तीत जास्त दहा वर्षं वापरता येतो आणि मुदत पाळणं ही खेळाडूची जबाबदारी असते. तारीख सिलिंडरवर कोरलेली असते, महिना आणि वर्ष. या ॲक्शनसोबतच्या सिलिंडरची मुदत केव्हाच उलटली होती. 200 बारचं भांडं आहे ते, 'अजून चालतोय की' म्हणून वापरायची वस्तू नाही. शिवाय सिलिंडरचे आटे बनावटीगणिक वेगळे. जुन्या मॉडेलला बसेल असा नवा सिलिंडर अजून मिळतो का, हे ॲक्शनचे पैसे देण्याआधी विचारायचं. नंतर विचारणाऱ्यांच्या कपाटात अशा ॲक्शन धूळ खात पडलेल्या सापडतात.

लाकडाचा स्टॉक स्वतः कोरायचा हा उपरस्ताही चर्चेत होता. हौस म्हणून उत्तम. पण पहिला स्टॉक कोरताना मापं अजून बदलत असतात आणि कोरलेलं लाकूड परत भरता येत नाही. शिवाय ते दमट हवेत हलतं.

सिलिंडरचा त्रासच नको म्हणून एका हिसक्यात हवा भरणाऱ्या जुन्या साइड-लिव्हर रायफली कोणी सुचवतात. फाइनवेर्कबाउची 600 मालिका, वॉल्टरची एलजीआर. अचूकतेत त्या आजही मागे नाहीत आणि मुदतीची भानगड नाही. पण दर शॉटला लिव्हर ओढायचा, तोही पक्का एकाच बाजूला. लहान चणीच्या डावखुऱ्या नेमबाजाला सराव आणि मॅच मिळून ऐंशी-नव्वद वेळा रायफल खाली घेऊन उलट्या हाताने लिव्हर ओढणं म्हणजे मानेचा त्रास खांद्याला लावून देणं. तो पर्याय तिथेच संपला.

कायद्याचंही एक पाहावं लागतं. बऱ्याच ठिकाणी नियम शस्त्र म्हणून ॲक्शनला किंवा बॅरललाच धरतात, स्टॉकला नाही. एअर रायफलला परवाना लागतो की नाही, तो कुठल्या ऊर्जेपासून लागतो, हेही जागोजागी वेगळं. 'भागच तर घेतोय' हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही. मालकीचा कागद ॲक्शनच्या क्रमांकावर असतो.

ॲक्शनची परीक्षा

विक्रेत्याने ॲक्शन पाहायला दिली, शिवाय एका ओळखीच्याचा ॲल्युमिनियम स्टॉक दोन दिवस उसना मिळाला. अशी संधी मिळाली तर सोडू नये.

आधी ॲक्शन तिच्या मूळ लाकडी स्टॉकमध्ये, क्लबचा मुदतीतला सिलिंडर लावून, शिकंज्यात. ग्रुप 6.2 मिमी. बॅरल निरोगी. मग तीच ॲक्शन उसन्या स्टॉकमध्ये चढवली. त्याच डब्यातल्या पेलेट्स, तोच शिकंजा, तीच खोली. ग्रुप 8.9.

पुन्हा मारला, 8.7. मध्यापासून 2.1-2.2 मिमी, म्हणजे सगळ्यात वाईट शॉट 10.1 वर. ॲल्युमिनियमचा महागडा स्टॉक लावून वाईट शॉटमागे अर्धा गुण गमावण्याची तयारी झाली होती.

इथे लोक पेलेट बदलून पाहायला लागतात. ते शेवटचं काम आहे. बैठक, म्हणजे स्टॉकमधली ॲक्शन टेकायची जागा, वाकडी असताना पेलेट निवडली तर ती वाकड्या बैठकीला सोसणारी पेलेट निघते, बॅरलला मानवणारी नाही.

आधी बैठक तपासायची. सिलिंडर काढला, ॲक्शनमध्ये उरलेली हवा पेलेट न घालता सुरक्षित दिशेला मोकळी केली. स्टॉक गादीवर पक्का धरला. डायल गेजचा दांडा स्टॉकच्या पुढच्या टोकाला क्लॅम्पने बांधला (ॲल्युमिनियमला चुंबकी स्टँड चिकटत नाही, हे दर वेळी कोणीतरी नव्याने शोधतं) आणि गेजचं टोक बॅरलच्या खालच्या बाजूला टेकवलं. दोन्ही स्क्रू 5 न्यूटन-मीटरवर कसले, गेज शून्यावर आणला. मग पुढचा स्क्रू हळूहळू सैल केला.

काटा 0.14 मिमी सरकला.

स्क्रू सैल होताना बॅरल उचलली जाते, याचा अर्थ कसताना ती वाकवली जात होती. चांगल्या बैठकीत हा काटा 0.02-0.03 च्या पुढे जाऊ नये. ॲक्शन दोन बिंदूंवर टेकून मध्ये पूल झाला की स्क्रू तिला धनुष्यासारखी ताणतात. मग तापमान, हाताचा दाब, सिलिंडरचा उतरता भार, कशानेही तो ताण थोडा बदलतो आणि ग्रुप फुलतो.

कुठे टेकते ते शोधायला ॲक्शनच्या खालच्या पृष्ठभागावर निळ्या मार्करचा पातळ थर दिला, हलक्या हाताने बसवली, उचलली. स्टॉकच्या बैठकीवर निळा डाग फक्त मागच्या भोकाभोवती, अर्ध्या चंद्रासारखा. भोक पाडल्यावर कडेची बारीक कोर साफ न करता वरून रंगाचा थर दिला होता. बोटाच्या नखाला लागावी एवढीच ती कोर. सपाट ठोकळ्यावर 400 नंबरचा पॉलिश पेपर ताणून तेवढीच घासली, दर चार-पाच हातांनंतर पुन्हा निळं लावून पाहिलं. डाग दोन्ही भोकांभोवती एकसारखा पसरला तेव्हा थांबलं. काटा 0.02. ग्रुप 6.1.

तीन संध्याकाळ गेल्या आणि हाताशी फक्त बॅरलने आधीपासून दिलेली अचूकता परत आली. सुटी बांधणी करणाऱ्याने हे कामाच्या खर्चात धरलं पाहिजे. पूर्ण रायफलीच्या कारखान्यात हे कोणीतरी आधीच केलेलं असतं आणि तिच्यासोबत टेस्ट टार्गेट येतं, ज्यावरून विकत घेणाऱ्याला ताडून पाहता येतं.

बांधणीचा आणखी एक सापळा याच वेळी दिसला. लांब साइट-रेषा हवी म्हणून बॅरलच्या पुढे लावायची नळी यादीत घुसली होती. यंत्रणेच्या मागच्या टोकापासून दिसणाऱ्या नळीच्या तोंडापर्यंतची लांबी 850 मिमीच्या वर जाऊ शकत नाही. नळी लावल्यावर ती 868 भरली. 18 मिमीने बाद. फोरसाइटही (पुढची साइट) तोंडाच्या पुढे काढता येत नाही, त्यामुळे पळवाट उरत नाही.

वजनाचीही तीच गत झाली. ॲक्शन आणि भरलेला सिलिंडर 2.45 किलो, स्टॉक 1.95, बट प्लेट 0.34, साइट्स 0.23, ठोकळे 0.23, पुढची वजनं 0.45. बेरीज 5.65. मर्यादा 5.5 किलोची. एकेक भाग घेताना कोणी बेरीज करत नाही, आणि प्रत्येक भागाच्या जाहिरातीत तो 'हलका' असतो. पण 157 सेंमीच्या नेमबाजाला साडेपाचच्या आतलीही रायफल जड आहे. तिला 4.7-4.8 पुरे.

तिसरा रस्ता

दोन पर्यायांतून निवडायला बसलेल्याने तिसरा शोधलाच पाहिजे असं नाही, पण इथे तो समोरच होता. वापरलेली, उजव्या हाताची, समायोज्य ॲल्युमिनियम स्टॉकची पूर्ण रायफल, 58 ला.

डावखुऱ्याने उजव्या हाताची रायफल घ्यायची हे ऐकायला विचित्र वाटतं. लाकडी स्टॉक असता तर हा विचारही केला नसता. पण आधुनिक ॲल्युमिनियम स्टॉकमध्ये हाताची बाजू कशात असते ते पाहा. चीकपीस दांड्यांवर बसतो, बऱ्याच मॉडेलांत तो उलटा करून पलीकडे सरकवता येतो. बट प्लेट आडवी सरकते. कॉकिंग लिव्हर काही ॲक्शनमध्ये काढून दुसऱ्या बाजूला लावता येतो, काहींत नाही. हे विकत घेण्याआधी हातात धरून पाहायचं, माहितीपत्रकावर विसंबायचं नाही. पीप साइटला डावं-उजवं नसतं, न नेमणाऱ्या डोळ्यापुढची पट्टी तेवढी दुसऱ्या बाजूला लावायची. शेवटी उरते ती ग्रिप. तिला पर्याय नाही, डाव्या हाताची घ्यावीच लागते.

या रायफलीत लिव्हर फिरत होता, चीकपीस उलटत होता. डाव्या ग्रिपला 5, सील आणि तपासणीला 5. एकूण 68. सिलिंडरची 38 महिने मुदत शिल्लक, म्हणजे तीन वर्षांनी आणखी 10.

पैसे देण्याआधी जशी आहे तशी शिकंज्यात धरून तीन ग्रुप मारले: 6.0, 6.4, 6.1. गेज 0.02. सुट्या ॲक्शनच्या मानाने इथला मोठा फायदा हा की जी वस्तू तपासली तीच घरी आली. बैठक, साइट्स, सिलिंडर, सगळं तेच. मूळ पेटी, टेस्ट टार्गेट आणि जुळणारे क्रमांक सोबत असल्याने उद्या विकायची झाली तर ती पूर्ण रायफल म्हणून विकली जाते. जमवलेली रायफल विकताना घेणारा तिला भागांच्या भावाने मोजतो.

मग नवी डाव्या हाताची 100 ची का नाही? ती चूक ठरली नसती. पण उरलेले 32 इथे पेलेट्स, रेंजचे तास आणि प्रशिक्षकावर जास्त चांगले लागतात, आणि मापं अजून स्थिरावायची आहेत. ज्याचे पैसे मोकळे आहेत आणि जवळपास तपासून देणारं कोणी नाही, त्याने नवी घ्यावी.

बांधणी बरोबर ठरेल अशी माणसं असतात. खूप उंच नेमबाज, ज्यांना स्टॉकची शेवटची खाचही पुरत नाही. शारीरिक अडचणीमुळे वेगळा आधार लागणारे. किंवा ज्यांना रायफल उघडण्यातच रस आहे आणि स्कोअर दुय्यम. या नेमबाजाचं प्रकरण यात बसत नाही, एवढंच.

बसवणं

इथे खरी 'बांधणी' झाली, आणि तिला तीन आठवडे लागले. क्रम महत्त्वाचा, कारण प्रत्येक बदल पुढच्याला हलवतो.

आधी फोर-एंडची उंची. उजवा कोपर उजव्या कमरेच्या हाडावर नीट टेकला पाहिजे, पाठीचा बाक सहन होईल एवढाच, आणि रायफल तिथून डोळ्याच्या उंचीला यायला हवी. लहान हातांना ठोकळा उंच लागतो. फोर-एंडच्या खोलीला नियमाची मर्यादा आहे आणि उपकरण-तपासणीत ती साच्याने मोजतात, म्हणून ठोकळा घेण्याआधी चालू नियमपुस्तक उघडायचं.

मग बट प्लेट. ती 3 सेंमी खाली उतरवली, तसा स्टॉक वर आला आणि डोकं सरळ राहिलं. ट्रिगरपर्यंतची लांबी 29.5 वर आणली. ट्रिगरचा खूर 8 मिमी मागे, कारण ग्रिप नीट धरली की बोटाचं पेर तिथे येत होतं.

त्यानंतर चीकपीस. डोक्याचा भार वरून खाली सरळ पडेल एवढी उंची. गाल बाजूने दाबावा लागत असेल तर चीकपीस चुकीच्या जागी आहे. परीक्षा सोपी: डोळे मिटून रायफल लावायची, दोन श्वास घ्यायचे, डोळे उघडायचे. फोरसाइटचं कडं पीपच्या मधोमध दिसलं तर ठीक. ते डावीकडे दिसत असेल तर चीकपीस सरकवायचा, मान नाही. डोळा आणि पीपमध्ये 6 सेंमी ठेवले.

साइट्सखालचे ठोकळे दोन्हीकडे सारखेच, 10 मिमीचे. पुढची वजनं शेवटी, आणि निम्मी काढली. एकूण 4.78 किलो.

एका वेळी एकच बदल, प्रत्येक बदलानंतर किमान चाळीस शॉट, आणि प्रत्येक पट्टीवरचा आकडा वहीत. स्टॉकचे स्क्रू प्रवासात सैल होतात. आकडे नसतील तर सगळं पुन्हा शोधत बसावं लागतं.

ट्रिगरला एअर रायफलमध्ये वजनाची किमान मर्यादा नाही, म्हणून नवखे तो शक्य तेवढा हलका करतात. तिने 110 ग्रॅमवर, दुसरा टप्पा हाताला स्पष्ट जाणवेल असा ठेवला. लावल्यावर कॉक करून, पेलेट न घालता, बट रबरी गादीवर पाच वेळा आपटून पाहिली. एकदाही सुटला नाही.

पेलेटची पाळी आता आली. चपट्या तोंडाच्या, 0.53 ग्रॅमच्या, 4.49 आणि 4.50 डोक्याच्या, एकूण पाच लॉट. प्रत्येकाचे दहा-दहा शॉटांचे तीन ग्रुप. 4.49 च्या एका लॉटचे ग्रुप 5.8 ते 6.0 राहिले, 4.50 च्या एकाचे 7.3 पर्यंत गेले. पहिल्या लॉटचे दहा डबे एकदम घेतले, कारण पुढचा लॉट तसाच निघेल याची खात्री कोणीच देत नाही.

दुसऱ्या आठवड्यात जे निघालं

मध्ये थांबून पुन्हा उभं राहिलं की पहिला शॉट वर जायचा. दर वेळी, एक मिमीच्या थोडा वर. नेमबाजाने अर्थातच स्वतःला दोष दिला: थंड स्नायू, घाई.

गतिमापकाने वेगळंच सांगितलं. सलग दहा शॉट 171 ते 173 मीटर प्रति सेकंद. वीस मिनिटं थांबून मारलेला पुढचा शॉट 178. त्याच्यामागचा पुन्हा 172.

दहा मीटर जायला पेलेटला सुमारे 0.058 सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती साडेसोळा मिमीच्या आसपास खाली येते. वेग 172 चा 178 झाला की ही घट साडेपंधरावर येते. म्हणजे शॉट एक मिमी वर, चार दशांश गुण गेले, आणि नेमबाजाने काहीच चुकीचं केलेलं नाही.

हे रेग्युलेटरचं दुखणं. सिलिंडरमधली 200 बारची हवा रेग्युलेटर खाली उतरवून पुढच्या छोट्या पोकळीत ठेवतो. त्याची बसण (झडप टेकते ती जागा) झिजली किंवा तिच्यावर कचरा बसला की हवा थेंबाथेंबाने झिरपत राहते. सलग मारताना ते कळत नाही, कारण झिरपायला वेळच मिळत नाही. थांबलं की पोकळीतला दाब चढतो.

पैसे देण्याआधीच्या परीक्षेत हे सुटलं, कारण तिन्ही ग्रुप सलग मारले होते. जुनी रायफल तपासताना दहा शॉट मारून वीस मिनिटं थांबायचं आणि मग अकरावा मारायचा. शिकंज्यातून. तो अकरावा शॉट पूर्ण ग्रुपपेक्षा जास्त बोलतो.

रेग्युलेटर घरी उघडला नाही. तपासणीचे 5 धरले होतेच, त्यात बसण आणि सील बदलून आले. परत आल्यावर थांबून मारलेला शॉट 173. भरण्याच्या ॲडॉप्टरच्या ओ-रिंगवर कोणीतरी साधं यंत्रतेल लावलेलं दिसलं, तेही पुसून काढलं. दाबाच्या हवेत खनिज तेल पेट घेऊ शकतं. लावायचंच तर सिलिकॉन ग्रीसचा पुसटसा थर.

तीन महिन्यांनंतरच्या नोंदीत पहिल्या वीस शॉटांचा आकडा फारसा हललेला नाही, 204.6. शेवटचे वीस 203.1. मान आता साठाव्या शॉटनंतर दुखते. वजनं आणखी 60 ग्रॅम कमी करून पाहायची आहेत, आणि ग्रिपचा कोन एक खाच मागे. वहीच्या पहिल्या पानावर सिलिंडरवरचा महिना आणि वर्ष लाल शाईने लिहिलेलं आहे.